रुळावरची गाडी आणि रस्त्यावरचा माणूस

टेंभी नाक्यावर नवरात्रात देवीच्या दर्शनास लोटणारी गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तीतून जाणारी ट्राम क्षणभर डोळ्यांपुढे आणावी. ठाण्यास ट्राम कधी आली नाही. मुंबईत मात्र ती 1874 पासून घोड्यांच्या, व 1907 पासून विजेच्या बळावर 1964 पर्यंत भर रस्त्यातून चालली. पॅरिसने मोडलेली ट्राम 1992 साली पुन्हा आणली. उद्या ती आमच्याकडेही कोणी सुचवील, म्हणून हा विचार आजच केलेला बरा.

ट्रामला बाजूस वळून माणूस चुकविता येत नाही, आणि पावसात पोलादी चाक पोलादी रुळावरून घसरते. बार्सिलोनात 1926 साली स्थापत्यकार गौडी व कलकत्त्यात 1954 साली कवी जीवनानंद दास ट्रामच्याच धडकेने गेले. चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय, पडलेल्या माणसास अडविणारी पुढची जाळी, रुळास चिकटणारा विद्युत्चुंबकीय ब्रेक ही साधने यासाठीच निघाली. जर्मनीच्या 1987 च्या नियमावलीने तर रस्त्यातून जाणाऱ्या ट्रामला मोटारीसारखे थांबण्याचे व वळण्याचे दिवेही सक्तीचे केले.

आमच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्याने मात्र रुळावरचे वाहन आपल्या व्याख्येतूनच वगळले आहे. मागचा दिवा नसला तर दुचाकीस्वारास दंड. चाळीस माणसांच्या ट्रामला त्या कायद्याची आडकाठी नाही! चालविणाऱ्या कंपनीच्या सदिच्छेवर पादचाऱ्याचा जीव सोपविणे आम्हांस मान्य नाही. रूळ टाकण्यास परवानगी देतानाच ही साधने, त्यांची मुदतवार तपासणी व सदोष गाडी आगारातच अडवून ठेवण्याचा अधिकार महानगरपालिकेने करारात लिहून घ्यावा.