विश्लेषण : मायनर लीगमध्ये गाजलेली बॅट मेजर लीगमध्ये मुकी का होते?

बॅटिंगच्या 34 संधी, त्यात फक्त दोन हिट आणि तब्बल 18 स्ट्राइकआऊट. एप्रिल 2024 मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सकडून मेजर लीगमध्ये उतरलेल्या जॅक्सन हॉलिडेचे पहिल्या दहा सामन्यांतले हे आकडे. वय अवघे 20. 2022 च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत आधी निवडला गेलेला, अमेरिकेतला पहिल्या क्रमांकाचा नवोदित म्हणून गाजलेला हा मुलगा दोन आठवड्यांत पुन्हा खालच्या लीगमध्ये पाठवला गेला. असे का होते?

खालून वर जाण्याची शिडी कशी असते?

मेजर लीगच्या 30 संघांपैकी प्रत्येकाचे चार संलग्न संघ असतात : सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. त्याखाली फ्लोरिडा, अॅरिझोना आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अगदी नवख्यांच्या लीग. ड्राफ्टमध्ये निवड झाली तरी बहुतेक खेळाडू पुढची काही वर्षे या पायऱ्यांवर घालवतात, आणि बरेच जण वरपर्यंत पोहोचतच नाहीत. हॉलिडेने 2023 च्या एकाच मोसमात या चारही पायऱ्या पार केल्या, त्याही .323 च्या सरासरीने. म्हणजे दर शंभर संधींत 32 हिट. बेसबॉलमध्ये .300 ही उत्तम सरासरी. दहात सात वेळा बाद होणारा बॅटरही इथे मोठा मानला जातो, हे क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला पचायला थोडे जड जाते!

वरच्या पिचिंगमध्ये नेमके काय वेगळे असते?

पहिले उत्तर वेग हे वाटते, पण ते अर्धेच खरे. पिचर आणि होम प्लेट यांत 60 फूट 6 इंचांचे अंतर. ताशी 153 किलोमीटर वेगाचा चेंडू ते साधारण 0.4 सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच त्यातला दीडशे मिलिसेकंदांच्या आसपासचा वेळ जातो. उरलेल्या वेळात चेंडू ओळखायचा, तो कुठे येणार याचा अंदाज बांधायचा आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. पण इतका वेग आता खालच्या लीगमध्येही दिसतो. सराव यंत्रावर तर रोज दिसतो.

खरा फरक पडतो तो नियंत्रणाचा. बेसबॉलमध्ये तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद. चार ‘बॉल’ पडले की तो फुकट पहिल्या बेसवर जातो. त्यामुळे दोन-तीन चेंडू बाहेर पडले की पिचर अडचणीत येतो. सिंगल-एमधल्या विशीच्या आतल्या पिचरचा वळणाऱ्या चेंडूवर भरवसा नसतो. मग तो सरळ फास्टबॉल टाकतो आणि दबा धरून बसलेला बॅटर तो भिरकावून देतो. डबल-एपासून हे फुकटचे चेंडू आटू लागतात. तिथला पिचर अडचणीत असतानाही स्लायडर किंवा चेंजअप हवा तिथे टाकतो. त्यातही चेंजअप फसवा. हाताचा वेग फास्टबॉलचाच, चेंडू मात्र मागून रेंगाळत येतो. निम्म्या वाटेपर्यंत दोन्ही चेंडू सारखेच दिसतात आणि फरक कळेपर्यंत बॅट फिरलेली असते. म्हणूनच डबल-ए ही शिडीतली सर्वांत अवघड पायरी असे अनेक जाणकार मानतात.

मेजर लीगमध्ये आणखी एक भर पडते, ती अभ्यासाची. मायनर लीगमध्ये साधारणपणे एकाच प्रतिस्पर्ध्याशी मंगळवार ते रविवार सलग सहा सामने होतात. तेच पिचर पुन्हा पुन्हा समोर येतात, ओळखीचे होतात. वर मात्र दर तीन-चार दिवसांनी नवा संघ, आणि त्याच्याकडे तुमच्या प्रत्येक स्विंगचे चित्रण आणि आकडे तयार. आत उंच येणारा फास्टबॉल जमत नाही, हे एकदा उघड झाले की आठवडाभर दुसरे काही मिळतच नाही. रणजीत धावांचा डोंगर रचणारा फलंदाज कसोटीत एकाच प्रकारच्या चेंडूवर बाद होत राहतो, तोच हा प्रकार.

मग खेळाडू सावरतात कसे?

काही जण काहीच न बदलता, फक्त खेळत राहून. 1951 मध्ये विली मेज मिनियापोलिसच्या संघातून .477 च्या सरासरीसह न्यूयॉर्क जायंट्समध्ये आला आणि पहिल्या 26 संधींत त्याला एकच हिट मिळाला. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी जागा तुझीच आहे, असे सांगून त्याला संघात ठेवले. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच ठरला. अलीकडे मिलवॉकी ब्रुअर्सच्या जॅक्सन चोरिओबाबत तेच घडले. जून 2024 च्या सुरुवातीला त्याची सरासरी .210 च्या आसपास होती. पदार्पणाआधीच 8 कोटी 20 लाख डॉलरचा करार केलेल्या या 20 वर्षांच्या मुलाला संघाने वरच खेळू दिले. मोसम संपला तेव्हा .275 सरासरी, 21 होम रन आणि 22 बेस-चोऱ्या त्याच्या नावावर होत्या.

न्यूयॉर्क यँकीजच्या अॅरन जजने 2016 मध्ये पहिल्याच संधीत होम रन मारला, पण त्या मोसमात 84 संधींत तो 42 वेळा स्ट्राइकआऊट झाला. पुढच्या वर्षी त्याचे 52 होम रन झाले, तेव्हाचा नवोदितांचा विक्रम. गंमत म्हणजे त्या वर्षीही त्याचे 208 स्ट्राइकआऊट होतेच. चुका संपल्या नाहीत, मारण्याजोगे चेंडू मात्र त्याने सोडले नाहीत.

सरावाची साधनेही बदलली आहेत. ट्रॅजेक्ट आर्क नावाचे यंत्र पडद्यावर प्रत्यक्ष पिचरचे चित्रण दाखवते आणि त्याच्याच वेगाने, त्याच्याच फिरकीने चेंडू फेकते. संध्याकाळी ज्याच्यासमोर उभे राहायचे, त्याला दुपारीच खेळून घेता येते.

खाली परत पाठवणे ही शिक्षा असते का?

संघ नाही म्हणतात. पण 2023 मध्ये ट्रिपल-एचे किमान वेतन वर्षाला 35 हजार 800 डॉलर होते, तर मेजर लीगचे 7 लाख 20 हजार. हॉलिडेला करारावेळीच 81 लाख 90 हजार डॉलर मिळाले होते, त्यामुळे त्याला त्याची झळ नव्हती. ड्राफ्टच्या शेवटच्या फेऱ्यांतून आलेल्याचे तसे नसते आणि त्याला दुसरी संधीही क्वचितच मिळते. हॉलिडेला ती मिळाली. 31 जुलै 2024 ला तो परतला आणि त्याच सामन्यात तिन्ही बेस भरलेले असताना त्याने पहिला होम रन मारला. तरीही त्या मोसमातली त्याची सरासरी .189 च राहिली.

सगळेच सावरतात का?

नाही. एंजल्सच्या ब्रँडन वूडने 2005 मध्ये हाय-ए पातळीवर 43 होम रन मारले, तेव्हा तो भावी तारा समजला जात होता. मेजर लीगमध्ये पाच मोसमांत मिळून त्याचे 18 होम रन झाले, सरासरी .186.