घरातल्या गल्ल्या

कोल्हापूरच्या जुन्या पेठांतून ठिकाण सांगायचे तर देऊळ, तालीम किंवा एखादा वाडा सांगितला की काम भागते. राजारामपुरीत तसे चालत नाही. छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने वसलेला हा भाग आखून वसवलेला; येथे माणूस गल्लीच्या आकड्याने सापडतो. रिक्षात बसून नुसते ‘राजारामपुरी’ म्हटले, की रिक्षावाला मान वळवून विचारणारच, ‘कितवी गल्ली?’

हल्ली याच गल्ल्यांतल्या पुष्कळ घरांवर बिनतारी अलार्मचा भोंगा दिसू लागला आहे. त्यामागचे कारण उघड आहे. मुले पुण्याला, बंगळूरला नाहीतर साता समुद्रापलीकडे. घरात दोन म्हातारी माणसे, किंवा मग दाराला कुलूप. पूर्वी असा अलार्म बसवायचा तर भिंती फोडून तारा ओढाव्या लागत. आता खोके घरी येते, वायरमनही लागत नाही, दुपारभरात सगळे चिकटवून होते. आणि बऱ्याच घरी महिन्याभरात ते बंदही करून ठेवले जाते! मांजर आले तरी वाजतो, आजोबा पहाटे उठले तरी वाजतो, अशी तक्रार असते. यंत्रात बहुधा काही बिघाड नसतो. घराच्या गल्ल्या आखायच्या राहून गेलेल्या असतात. या गल्ल्यांनाच अलार्मच्या भाषेत ‘झोन’ म्हणतात.

विजेचा अलार्म ही तशी नवी गोष्ट नव्हे. १८५३ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ऑगस्टस पोप याने त्याचे पेटंट घेतले. दार अथवा खिडकी उघडली की विजेचे मंडल पूर्ण व्हावे आणि विद्युत्‌चुंबकाने हातोडी घंटेवर आपटावी, अशी ती साधी योजना. पुढे १८५७ साली एडविन होम्सने त्याचे हक्क विकत घेऊन त्याचा धंदा उभा केला. पण मला अधिक जवळची वाटते ती मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या न्यूयॉर्कच्या परिचारिकेची गोष्ट. तिच्या व नवऱ्याच्या कामाच्या वेळा अडनिड्या. घरी एकटे असताना दार वाजले की भीती वाटे. म्हणून नवऱ्याच्या साहाय्याने तिने दाराबाहेरचे दृश्य आत दाखवणारी आणि बटण दाबताच मदत मागणारी योजना तयार केली. १९६६ साली तिने अर्ज केला व १९६९ साली पेटंट मिळाले. बँकेची तिजोरी राखायला नव्हे, तर घरातल्या एकट्या माणसाला धीर यावा म्हणून ती योजना जन्मली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. मध्यभागी एक पॅनेल असते. त्याला बातमी देणारे निरनिराळे सेन्सर आणि त्याचा हुकूम मानणारा भोंगा. दाराच्या सेन्सरचे दोन तुकडे असतात. चौकटीवरच्या तुकड्यात काचेच्या बारीक नळीत धातूच्या दोन पातळ पट्ट्या. दारावरच्या तुकड्यात चुंबक. दार बंद असताना चुंबकाच्या ओढीने पट्ट्या एकमेकींना चिकटून राहतात. दार उघडले, चुंबक लांब गेले, की पट्ट्या सुटतात आणि सेन्सर क्षणभर रेडिओलहरींवरून आपली खूण पाठवून पुन्हा गप्प बसतो. एरवी तो बोलत नाही, म्हणूनच बॅटरीचा एवढासा सेल दीर्घकाळ पुरतो.

ही खूण कोणाची, हे पॅनेलला आधी शिकवावे लागते. पॅनेल ‘शिकण्याच्या’ स्थितीत ठेवायचे, झोनचा क्रमांक निवडायचा आणि तो सेन्सर एकदा जागा करायचा, म्हणजे दार उघडायचे किंवा त्याच्यासमोरून चालायचे. पॅनेल टुक् करते, ओळख झाली. येथे घाई करणारे सगळे सेन्सर एकाच झोनमध्ये कोंबतात. मग रात्री दोन वाजता फोन येतो तो एवढाच, की घरात काहीतरी झाले आहे! हे म्हणजे पोलिसांना नुसते ‘राजारामपुरी’ सांगण्यासारखे. म्हणून एका सेन्सरला एक झोन द्यावा आणि त्याला नावही द्यावे.

पण क्रमांकापेक्षा महत्त्वाचा आहे झोनचा स्वभाव. पॅनेलला चोर कळत नाही, सून कळत नाही. त्याला फक्त तीन गोष्टी कळतात : कोणता झोन जागा झाला, पहारा कोणत्या प्रकारचा लावला आहे, आणि त्या झोनसाठी काय करायला सांगून ठेवले आहे.

समजा, एखादे तळमजला आणि गच्ची असलेले घर आहे. पुढे व्हरांडा, मग हॉल, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे बोळात उघडणारे दार आणि गच्चीवर जाणारा जिना. पुढच्या दाराचा झोन ‘विलंबाचा’ ठेवावा. दार उघडल्यापासून तीस-चाळीस सेकंद पॅनेल वाट पाहते. तेवढ्यात आकडे दाबून पहारा उठवला तर ठीक, नाहीतर भोंगा. हा विलंब किती असावा, हे माहितीपत्रक पाहून ठरवू नये. घरातले सर्वांत सावकाश चालणारे माणूस चप्पल काढून, चष्मा शोधून पॅनेलपाशी पोचायला किती वेळ घेते, ते घड्याळ लावून पाहावे आणि त्यावर थोडे वाढवावे. मागचे दार आणि गच्चीचे दार ‘तात्काळ’ ठेवावे, कारण कुलूप लावून गेलेले आपण त्या दारांनी परत येत नाही. हॉलमधला हालचालीचा सेन्सर ‘मागोमागचा’ असावा : पुढच्या दाराने कोणी आले तर त्याने दाराची मुदत पाळावी, दार न उघडता हॉलमध्ये कोणी अवतरले तर मात्र तत्क्षणी ओरडावे.

पहाऱ्याचे दोन प्रकार असतात. घर रिकामे असताना सगळे झोन जागे. घरातली मंडळी झोपलेली असताना मात्र दारे-खिडक्या जाग्या आणि आतले हालचालीचे सेन्सर निजलेले. आजोबांच्या पहाटेच्या उठण्याचा प्रश्न एवढ्या एका गोष्टीने सुटतो. तरी कित्येक घरांत हा दुसरा प्रकार वापरलाच जात नाही, याचे नवल वाटते.

गच्चीच्या दाराबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला, तो दरवाजे फोडून नव्हे. पहारे दरवाजांवर होते. मावळे रात्रीच्या काळोखात कडा चढून आले आणि आत शिरल्यावर त्यांनी कर्णे फुंकले. गडकऱ्यांना धोक्याची सूचना मिळाली ती शत्रूच्याच कर्ण्यांनी! आपल्याकडेही पुढच्या दाराला तीन कुलपे आणि गच्चीच्या दाराला एक कडी, असा थाट असतो. घरे एकमेकांना लागून असल्यावर एका गच्चीवरून दुसरीवर येणे हा काही कडा नव्हे. एकच सेन्सर शिल्लक असेल तर तो निःशंकपणे गच्चीच्या दाराला लावावा.

चौथ्या स्वभावाचे झोन ‘चोवीस तासांचे’. पहारा असो वा नसो, ते जागेच. धुराचा सेन्सर छतापाशी लावतात. पण स्वयंपाकघरात नको. तांबड्या रश्श्याची फोडणी बसली की तो घर डोक्यावर घेईल. गॅसचा मात्र स्वयंपाकघरातच, आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर, कारण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. मदतीचे बटणही याच प्रकारात येते. न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजीला भोंग्याचा उपयोग चोरापेक्षा अधिक आहे. ते बटण भिंतीवर उंच न लावता पडलेल्या माणसाचा हात पोचेल असे लावावे, किंवा गळ्यात अडकवता येईल असे घ्यावे.

हालचालीचा सेन्सर काय पाहतो, हेही समजून घेतले पाहिजे. तो चित्र पाहत नाही. शरीराची उष्णता एका पट्ट्यातून दुसऱ्या पट्ट्यात सरकली की त्याला कळते. त्यामुळे त्याच्यासमोरून आडवे जाणारा माणूस चटकन टिपला जातो, सरळ अंगावर चालून येणारा उशिरा. तो उन्हाच्या खिडकीकडे किंवा देवघरातल्या समईकडे तोंड करून लावू नये. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा ३७-३८ अंशांवर गेला, की बंद खोली आणि माणूस यांच्या उष्णतेत फारसा फरक उरत नाही आणि सेन्सरची नजर मंदावते. मे महिन्यात घर बंद करून गावी जाणाऱ्यांनी केवळ त्याच्यावर विसंबू नये. दाराचे सेन्सर हवेतच.

पावसाळ्याची तऱ्हा वेगळी. आषाढात लाकडी दारे फुगतात, नीट बसत नाहीत. चुंबक आणि नळी यांतले अंतर वाढते आणि पॅनेल म्हणते, ‘झोन ४ उघडा आहे.’ मग घाईत असलेला माणूस तो झोन ‘वगळतो’. काही पॅनेलांत हे वगळणे पहारा उठवताच संपते, काहींत ते आपण रद्द करीपर्यंत तसेच राहते. दसऱ्यापर्यंत मागचे दार पहाऱ्याबाहेर आहे आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नाही, असे सहज घडू शकते. दार रंध्यावर घासून घ्यावे. झोन वगळू नये. लोखंडी सरकत्या दाराला साधा सेन्सर लावू नये, कारण लोखंड चुंबकाचे बळ खाते. त्यासाठी निराळा जाड सेन्सर मिळतो. पॅनेल लोखंडी कपाटाच्या आड ठेवले तर लांबच्या सेन्सरची हाक त्याला ऐकू येत नाही.

वीज गेली तर? पॅनेलमध्ये बॅटरी असते, पण इंटरनेटचे यंत्र बंद पडते. म्हणून सिमकार्डाची सोय असलेले पॅनेल बरे. मात्र बरीच स्वस्त पॅनेले जुन्या टू-जी जाळ्यावरच बोलतात. केवळ फोर-जी देणारे सिम त्यांत घातले तर ती मुकीच राहतात.

आकड्यांच्या किल्लीबद्दलही एक मत मांडतो. कारखान्याने दिलेला १२३४ पहिल्या दिवशीच बदलावा, हे सर्वांना ठाऊक असते. पण घरकामाला येणाऱ्या मावशींना वेगळा आकडा द्यावा, हे फारसे कोणी करीत नाही. एकतर त्यांना आपलाच आकडा सांगतात, नाहीतर त्या येण्याच्या वेळी पहारा उठवून ठेवतात. मग काही हरवले की पहिला संशय त्यांच्यावर! वेगळा आकडा दिला तर कोण किती वाजता आले याची नोंद पॅनेलमध्ये राहते, आणि ती नोंद मावशींच्याही बाजूने साक्ष देऊ शकते.

शेवटी फोनचे क्रमांक. पहिला क्रमांक परदेशातल्या मुलाचा घालण्याची प्रथा आहे. तो तिकडे घाबरण्यापलीकडे काय करणार? पहिला क्रमांक भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा असावा, दुसरा त्याच गल्लीतल्या आणखी एकाचा, मग मुलाचा. पोलिसांसाठी ११२ आहेच. शेजाऱ्याला आधी विचारावे, आणि झोनची यादी कागदावर लिहून त्याच्याकडे द्यावी : १ पुढचे दार, २ हॉल, ३ स्वयंपाकघर-गॅस, ४ मागचे दार, ५ गच्ची, ६ आजींचे बटण. ६ आला तर काठी घेऊन नव्हे, तर घराची दुसरी किल्ली घेऊन धावायचे, हेही त्याच कागदावर लिहावे.