दोन महिन्यांचे काम आठ तासांत

उसाचा मोठा फड एकाच कोयत्याने तोडायचा म्हटला तर कित्येक दिवस लागतील. म्हणून आमच्या लोणी काळभोरकडे ऊसतोडीची टोळी एकाच वेळी अनेक सऱ्यांमध्ये कामाला लागते. आपल्या शरीरातील पेशीलाही हीच युक्ती करावी लागते. कशी, ते आधी गणिताने पाहू.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील सर्व डी.एन.ए.ची प्रत तयार व्हावी लागते. मानवाच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत मोठ्या गुणसूत्रात सुमारे २५ कोटी बेसजोड्या असतात. लागोपाठच्या दोन जोड्यांमधील अंतर ०.३४ नॅनोमीटर असते. गुणाकार केला की धाग्याची लांबी येते सुमारे साडेआठ सेंटिमीटर! प्रत तयार होण्याचा वेग मिनिटाला सुमारे अर्धा मायक्रोमीटर धरू. एका टोकापासून सुरुवात केली तर ११८ दिवस लागतील. मधोमध सुरुवात करून दोन्ही दिशांना काम चालवले, तरी ५९ दिवस. प्रत्यक्षात हे काम सुमारे आठ तासांत आटोपते. म्हणजे या एकाच गुणसूत्रावर निदान १७७ ठिकाणी सुरुवात व्हायला हवी.

हा झाला तर्क. पण तो खरा कशावरून? त्यासाठी मानवी पेशी शरीराबाहेर, ३७ अंश सेल्सिअस तापमानाला, पोषक द्रवात वाढवतात. याला पेशी-संवर्धन म्हणतात. अशा पेशी जतन करून देशभरच्या संशोधकांना पुरवण्याचे काम पुण्यात, गणेशखिंडीच्या विद्यापीठ आवारातील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र करते. यांतील सुप्रसिद्ध ‘हेला’ पेशी १९५१ साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या महिलेच्या कर्करोगाच्या गाठीतून घेतल्या गेल्या. त्यासाठी त्यांना विचारलेही नव्हते. त्याच वर्षी त्या वारल्या. त्यांच्या पेशी मात्र आजही वाढत आहेत. या उपकाराची आणि या अन्यायाचीही आठवण आपण ठेवली पाहिजे.

१९६६ साली जॉन केर्न्स यांनी याच पेशींना किरणोत्सारी हायड्रोजन असलेले थायमिडीन दिले. थायमिडीन हा डी.एन.ए.चा कच्चा माल. त्यामुळे जेवढा धागा नवा, तेवढाच किरणोत्सारी झाला. मग धागे काचपट्टीवर पसरून त्यांवर फोटोफिल्मसारखा लेप दिला आणि ते महिनोन्‌महिने अंधारात ठेवले. नव्या भागावर चांदीच्या काळ्या कणांच्या रेघा उमटल्या. रेघेची लांबी भागिले वेळ म्हणजे वेग! १९६८ साली ह्युबरमन आणि रिग्ज यांनी सस्तन प्राण्यांच्या संवर्धित पेशींवर असेच प्रयोग केले. एकाच धाग्यावर अनेक ठिकाणी सुरुवात होते आणि प्रत्येक ठिकाणाहून काम दोन्ही दिशांना सरकते, हे त्यांतून दिसले.

आज किरणोत्सारी पदार्थांऐवजी चमकणारे रंग वापरतात. आधी एक खूणरेणू देतात आणि काही मिनिटांनी दुसरा. धाग्यावर लाल व हिरवे पट्टे दिसतात आणि त्यांच्या क्रमावरून दिशाही कळते. पेशीजवळ सुरुवातीच्या राखीव जागाही असतात, असे आढळले आहे. एके ठिकाणी काम अडले तर शेजारची राखीव जागा जागी होते. कर्करोगावरील काही औषधे नेमके हे प्रत काढण्याचे कामच अडवतात. म्हणून हा अभ्यास रुग्णांच्याही उपयोगाचा आहे.

आता तुमच्यासाठी एक गणित. मानवाच्या २१व्या गुणसूत्रात सुमारे साडेचार कोटी बेसजोड्या आहेत. आठ तासांत त्याची प्रत काढायची तर निदान किती ठिकाणी सुरुवात करावी लागेल? वही काढा आणि करून पाहा.