ज्वारीवरील भोरडी

दादर ज्वारीचीं कणसें चिकांत आलीं कीं तापीकांठच्या शेतांवर काळ्या-गुलाबी पांखरांचे थवे उतरूं लागतात, हें नंदुरबार, शहादा, तळोदा येथील शेतकरीबंधूंस आम्हीं सांगावयास नको. हीच भोरडी, पळसमैना असेंही हिचें नांव आहे.

आकारानें ती साळुंकीएवढी. डोकें, मान, पंख व शेपूट काळीं चकचकीत, पाठ व पोट गुलाबी, आणि डोक्यावर मागें झुकणारा तुरा. पहिल्या वर्षाचीं पिल्लें मात्र मळकट भुरीं असल्यामुळें तीं निराळ्याच जातीचीं वाटतात. शास्त्रज्ञ हिची गणना गाणाऱ्या पक्ष्यांत करितात. परंतु थव्याचा कलकलाट ऐकल्यावर त्यास गाणें म्हणण्याचें धाडस आम्हांस होत नाहीं.

हिची वीण इकडे होत नाहीं. मध्य आशियापासून काळ्या समुद्रापर्यंतच्या खडकाळ टेकड्यांत, जेथें टोळ विपुल तेथें, हजारों जोडपीं मे-जूनमध्यें दगडांच्या फटींत घरटीं करितात. चीनच्या शिनजियांग प्रांतांत तर टोळांच्या बंदोबस्तासाठीं तिला घरट्यांच्या जागा मुद्दाम बांधून दिलेल्या आहेत. जुलै-ऑगस्टपासून ती आपल्याकडे परतूं लागते, ती एप्रिलपर्यंत राहते.

या काळांत ती नाकतोडे पुष्कळ खाते. माळावर चरतांना मागचीं पांखरें पुढच्यांच्या डोक्यांवरून उडून पुढें बसतात, त्यामुळें सारा थवा लाटेसारखा सरकतो. फाल्गुनांत पळस, पांगारा, काटेसावर यांच्या फुलांतील मध पितांना ती परागही वाहते. तथापि टोळांच्या नांवानें तिला येथें सर्व पुण्य देणें योग्य नव्हे. मे २०२० मध्यें विदर्भांत टोळधाड आली, तेव्हां भोरडीचा मुक्काम येथून हललेला होता.

ज्वारीचें नुकसान मात्र खरें आहे. शिवारांत एखादेंच शेत आधीं पिकलें तर सारा थवा त्यावर तुटून पडतो. सर्वांचा पेरा एकाच सुमारास झाल्यास नुकसान वांटलें जातें, आणि हें एकट्यानें साधत नाहीं. विषप्रयोग कोणीं करूं नये. त्यानें इतर पांखरें व गुरेंही मरतात. राखणदार पहांटेंच माळ्यावर चढला पाहिजे. थवा एकदां कणसांवर बसला म्हणजे गोफणीच्या धोंड्यानें उठतो खरा, पण शेजारच्याच वावरांत जाऊन बसतो. म्हणून लगतच्या शेतकऱ्यांनीं राखण एकाच वेळीं ठेवावी.