रेल्वे वारसा संग्रहालये

रेल्वेच्या सेवेतून निवृत्त झालेली एंजिने, डबे, वाघिणी, संकेतयंत्रे, हत्यारे, आराखडे व कागदपत्रे यांचे जतन करून ती लोकांना पाहण्यास खुली ठेवणाऱ्या संस्थांना रेल्वे वारसा संग्रहालये म्हणतात. यांपैकी काही राजधानीच्या वा मोठ्या शहरांत, तर काही रेल्वेच्या जुन्या कारखान्यांच्या गावी उभारलेली आहेत. दुसऱ्या प्रकारच्या संग्रहालयात कारखान्याची इमारत, कामगारांची वसाहत व तेथील आठवणी यांनाही प्रदर्शित वस्तूंइतकेच महत्त्व असते.

कारखान्याचे गाव : इंग्लंडमधील स्विंडन हे याचे ठळक उदाहरण होय. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा कारखाना तेथे १८४३ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याभोवती कामगारांची वसाहत, वाचनालय व आरोग्यनिधी अशा संस्था वाढल्या. कारखाना १९८६ मध्ये बंद झाला. त्याच्याच एका जुन्या इमारतीत २००० साली ‘स्टीम’ हे संग्रहालय उघडण्यात आले. या रेल्वेच्या रुळांतील अंतर मुळात सु. २,१४० मिमी. होते. १८९२ मध्ये हे माप कायमचे सोडून देण्यात आले. त्यानंतर ‘नॉर्थ स्टार’ (१८३७) व ‘लॉर्ड ऑफ द आइल्स’ ही दोन एंजिने स्मरणार्थ ठेवली होती. परंतु जागा अडते म्हणून १९०६ मध्ये तीही मोडीत काढली गेली. पुढे १९२५ मध्ये ‘नॉर्थ स्टार’ची प्रतिकृती करावी लागली व तीच आज संग्रहालयात आहे. मापबदलाच्या काळात जुनी सामग्री अडगळ वाटते आणि तिचे मोल ती गेल्यावर कळते, ही गोष्ट या उदाहरणावरून स्पष्ट होते.

भारतातील संग्रहालये : दिल्ली येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ मध्ये, तर म्हैसूर येथील संग्रहालय १९७९ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्रात नागपूरच्या मोतीबाग भागात अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय २००२ मध्ये उघडले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या अरुंदमापी (७६२ मिमी.) मार्गांचा कारखाना मोतीबागेतच असल्याने संग्रहालयाची जागा यथोचित आहे. नागपूर-नागभीड मार्गावरील अरुंदमापी गाड्या २०१९ मध्ये थांबल्या. त्यामुळे एकेकाळी रोज दिसणारी वाहने आता बहुतांशी संग्रहालयातच पाहावी लागतात. नेरळ-माथेरान (१९०७, ६१० मिमी.) हा मार्ग मात्र त्याच्या मूळ मापावर टिकून आहे.

मराठवाडा व बार्शी लाइट रेल्वे : मराठवाड्याचा लोहमार्गविषयक वारसा दोन मापांचा आहे. मनमाड-सिकंदराबाद हा हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरमापी (१,००० मिमी.) मार्ग विसाव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झाला. नांदेड जिल्ह्यातील मुदखेड हे याच मार्गावरील जंक्शन असून तेथून आदिलाबादचा फाटा निघतो. दुसरा वारसा लातूरकडील अरुंदमापी बार्शी लाइट रेल्वेचा होय. एव्हरार्ड रिचर्ड कॅल्थ्रॉप (१८५७–१९२७) या अभियंत्याने आखलेल्या या मार्गाचा कुर्डुवाडी-बार्शी हा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. तो १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर व १९२७ मध्ये मिरज येथे पोहोचला आणि त्याची एकूण लांबी सु. ३२५ किमी. झाली. शेतमालाबरोबरच पंढरीच्या यात्रेकरूंची वाहतूक हा त्याचा मोठा आधार होता. १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. तिच्या वाहनांची दुरुस्ती कुर्डुवाडीच्या कारखान्यात होत असे.

कॅल्थ्रॉप याची मुख्य कल्पना वजनाच्या वाटपाची होती. हलके रूळ स्वस्त पडतात. पण जड चाकाखाली ते वाकतात. म्हणून कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू नये, असा नियम त्याने एंजिने व वाघिणी या दोहोंना सारखाच लावला. त्यामुळे दर यार्डाला केवळ ३० पौंड वजनाचे रूळ पुरेसे ठरले. या मार्गाच्या पहिल्या एंजिनांची चाकरचना ०-८-४ अशी होती, म्हणजे चार चालक व दोन आधार असे सहा आस होते. त्यांवर सु. ३० टन वजन विभागले जाई. हीच तत्त्वे त्याने पुढे इंग्लंडमधील लीक-मॅनिफोल्ड मार्गासाठी (१९०४) वापरली.

पाहण्याची रीत : संग्रहालयातील एंजिन दुरून भव्य दिसते, परंतु त्याचा अर्थ जवळून उलगडतो. प्रथम रुळांतील अंतर पाहावे; त्यावरून मार्गाचे माप व बहुधा प्रदेश कळतो. नंतर आस मोजावेत. त्यांवरून रुळांची ताकद व ओढावयाचा भार यांचा अंदाज येतो. निर्मात्याच्या पाटीवर कारखान्याचे नाव, क्रमांक व वर्ष असते. एकेरी मार्गावर एका वेळी एकच गाडी सोडण्याची हमी देणारे गोळ्याचे टोकनयंत्र, जाड पुठ्ठ्याची लहान तिकिटे, ओतशाळेतील लाकडी साचे, लोहारशाळेतील हत्यारे व हजेरीची बिल्ले ही किरकोळ वाटणारी सामग्री कामगाराच्या दिवसाची साक्ष देते. एखाद्या हत्याराची मूठ हाताने झिजलेली असते. ती रंगवून नवी केल्यास नेमका हा पुरावा नाहीसा होतो. त्यामुळे उत्तम जतनात डागडुजी कमीत कमी केली जाते व केलेल्या बदलाची नोंद ठेवली जाते.

मापबदल व जतन : देशातील बहुतेक मार्ग एकाच रुंदमापात (१,६७६ मिमी.) आणण्याचे धोरण १९९२ पासून वेगाने राबविण्यात आले. त्यामुळे मनमाडपासून मुदखेडपर्यंतची आणि पुढे आदिलाबादकडील मीटरमापी गाडी गेली. कुर्डुवाडी-लातूर मार्गाचे रूपांतर २००८ मध्ये पूर्ण झाले. नव्या आखणीत धाराशिव शहर जोडले गेल्याने जुन्या मार्गाचा काही भाग वापरातून गेला. माल एका गाडीतून दुसरीत चढविण्याचा खर्च व विलंब टळला, हा या बदलाचा निर्विवाद लाभ होय. लातूरजवळ रेल्वे डब्यांचा कारखाना उभा राहिला असून डब्याचा पहिला सांगाडा तेथे डिसेंबर २०२० मध्ये तयार झाला. अरुंद रुळांवर जोडले गेलेले शहर अशा रीतीने स्वतःच रेल्वेच्या कारखान्याचे गाव बनले.

लोखंड टिकते, परंतु ते चालविण्याचे ज्ञान टिकेलच असे नाही. आग किती राखावी, चढावर वाळू केव्हा सोडावी, सैल झालेला सांधा हातोड्याच्या नादावरून कसा ओळखावा, या गोष्टी पुस्तकात क्वचितच उतरल्या. त्या मुदखेड, पूर्णा वा कुर्डुवाडी येथील निवृत्त चालक, कारागीर व गँगमन यांच्या स्मरणात असतात. यासाठी आधुनिक संग्रहालये वस्तूंच्या जोडीला कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करतात, जुने नकाशे व स्थानकांच्या नोंदवह्या गोळा करतात. एंजिनाची प्रतिकृती पुढेही करता येते. साक्षीदार गेल्यावर त्याची साक्ष मात्र पुन्हा मिळत नाही.