उठेल ना हो?

माझ्या दवाखान्यात येणारी माणसे आजार कोणता, खर्च किती, हे मागाहून विचारतात. आधीचा प्रश्न ठरलेला असतो : "डॉक्टर, भूल दिल्यावर उठेल ना हो?" परवा भाजीच्या टोपलीत मांजरी घालून आलेल्या एका बाईंनी त्याला पुस्तीही जोडली. "एवढीशी तर आहे आमची मनी. चिमूटभरच द्या हं औषध!"

बाईंचे म्हणणे वरवर अगदी रास्त होते. लहान जीवाला थोडे, मोठ्या जीवाला पुष्कळ. वाणी साखर तोलतो तसे डॉक्टराने औषध तोलावे! एके काळी मीही असेच समजत होतो. म्हणजे परीक्षेत नव्हे. परीक्षेत मला उत्तर येत होते. पण ते डोक्यातून हातात उतरायला एक बैल कारणी पडला.

ती १९८१ सालची गोष्ट. पदवी घेऊन वर्षभर घोड्यांच्या तबेल्यात उमेदवारी केली आणि मग सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी रुजू झालो. तिथे एका शेतकऱ्याच्या खिलार बैलाला शिंगाचा कर्करोग झाला होता. शहरातल्या वाचकांना नवल वाटेल, पण आपल्याकडच्या बैलांत हा रोग चांगलाच आढळतो. शिंग एका अंगाला कलते, मुळाशी पोचट होते, त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त येऊ लागते. शिंग मुळापासून काढणे हाच उपाय. शिंगाकडे जाणारा मज्जातंतू सुईने बधिर करायचा आणि बैलाने डोके झाडू नये म्हणून थोडे झायलाझीन टोचायचे.

हे झायलाझीन १९६२ साली जर्मनीत बायर कंपनीने बनवले, ते माणसांचा रक्तदाब उतरवण्यासाठी. पण त्याने गुंगी फार येई, म्हणून माणसांनी सोडले आणि ते जनावरांच्या वाट्याला आले. मेंदूला जागे ठेवणारे एक रसायन असते, त्याचा नळच हे औषध बंद करते. स्नायू सैल पडतात, हृदय सावकाश चालू लागते. घोड्याला ते शिरेतून किलोमागे सुमारे १.१ मिलिग्रॅम लागते. बैलाला त्याचा दहावा हिस्सा पुष्कळ होतो! दोघांची वजने सारखी असली, तरी हा फरक असतोच.

बैल चारशे किलोंचा होता. एक-दोन मिलिलिटर पुरे होते. मी पाच भरले. घोड्याला बावीस लागले असते. त्या मानाने आपण चौथाईसुद्धा घेतले नाही, केवढे जपून वागलो, असे मला तेव्हा वाटत होते.

शस्त्रक्रिया सुरेख झाली. होणारच, बैल हलतच नव्हता. पंचाईत पुढे झाली. चार वाजता आडवा झालेला बैल दिवेलागणीला उठेना.

आता गाईबैलांचे पोट म्हणजे काय प्रकरण आहे ते सांगतो. त्याचा पहिला कप्पा शंभर लिटरच्या आसपासचा एक रांजणच असतो आणि त्यात चारा अखंड आंबत असतो. त्यातून निघणारा वायू जनावर दिवसभर ढेकरा देऊन बाहेर टाकते. गुंगीत ढेकर थांबते, वायू थांबत नाही. पोट फुगून फुप्फुसांवर दाब येतो. शिवाय लाळ बादल्यांनी सुटते, ती श्वासनलिकेत उतरली की संपले. म्हणूनच गुरांना आम्ही पूर्ण भूल शक्यतो टाळतो आणि पोट उघडायचे झाले तरी जनावर उभे ठेवून, कातडीपुरते बधिर करून उघडतो. सर्जा आदल्या दिवसापासून उपाशी होता, एवढेच त्यातल्या त्यात बरे.

कडब्याच्या पेंढ्या लावून त्याला छातीवर बसवले, लाळ गळून जावी म्हणून तोंड खाली ठेवले. डावी कूस नगाऱ्यासारखी ताठ झाली, तेव्हा तोंडातून पोटात नळी घालून वायू काढला. दर पाच मिनिटांनी नाडी बघत होतो. आज या औषधावर उतारा मिळतो, टोचला की जनावर काही मिनिटांत मान उचलते. माझ्या पेटीत तेव्हा असला उतारा नव्हता. ज्वारीची पेरणी तोंडावर आलेली, आणि घरात बैलजोडी ती एकच. शेतकरी काही बोलत नव्हता. त्याची म्हातारी आई तेवढी कंदील घेऊन उकिडवी बसली होती. "उठंल का वं, सायेब?" ती दर घटकेला विचारी. "उठेल, आजी," असे मी सांगे. त्या रात्री शास्त्राचा आधार नसलेले माझे एवढेच एक विधान होते.

रात्री अकराच्या सुमारास सर्जाने कान हलवला, मान झाडली आणि तो उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे. घोडा याच्या नेमका उलट उठतो. म्हातारीने माझ्यावरूनच भाकरतुकडा ओवाळून टाकला. चूक माझी होती हे मी शेतकऱ्याला सांगितले, पण दुसऱ्या दिवशी. त्या रात्री धीर झाला नाही.

या वजनाच्या हिशेबाने मोठमोठे शास्त्रज्ञही फसले आहेत. त्याच १९६२ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या प्राणिसंग्रहालयातल्या टस्को नावाच्या हत्तीला मुख्यतः त्याच्या आकारमानावर बेतून एलएसडी २९७ मिलिग्रॅम टोचले गेले. दोन तासांच्या आत तो मेला. मग सावरण्यासाठी दिलेल्या औषधांचाही त्यात वाटा असावा, असे पुढे काहींनी म्हटले. ते काही असो, लहान देहाची भट्टी जोरात पेटते, मोठ्याची संथ. म्हणून केटामाइन नावाचे भुलीचे औषध उंदराला किलोमागे घोड्याच्या तीस-चाळीस पट लागते आणि मांजराला दुपटीहून अधिक. बाईंची चिमूट मनीला पुरली नसती.

पण आकाराचा नियम लक्षात ठेवला म्हणजे काम भागले, असेही नाही. थायोपेंटल १९३४ पासून वापरात आले. ते टोचले की प्राणी अर्ध्या मिनिटात झोपतो आणि थोड्या वेळाने जागा होतो, तो औषध संपले म्हणून नव्हे. ते मेंदूतून निघून स्नायूंत आणि चरबीत जाऊन बसते म्हणून. ग्रेहाउंडच्या अंगी चरबीच नाही, आणि त्याचे यकृतही हे औषध फार सावकाश मोडते. इतर कुत्री उठून शेपटी हलवू लागली तरी हा आपला झोपलेला. आपल्या कारवानीच्या बाबतीतही मी तोच धसका बाळगतो. मांजराच्या यकृताची तऱ्हा आणखी वेगळी. तुमच्या घरातली तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळी मांजराचा जीव घेते. कृपा करून ती कधीही देऊ नका.

हा व्यवहार एकतर्फी मात्र नाही. तुमच्यापैकी कुणाचे ऑपरेशन झाले असेल, तर शिरेतून जाणारे दुधासारखे पांढरे औषध आठवत असेल. ते प्रोपोफॉल. ते शोधणारे इयन ग्लेन हे मूळचे गुरांचे डॉक्टर! २०१८ साली त्यांना त्यासाठी लास्कर पारितोषिक मिळाले. माझ्या लग्नाच्या वेळी 'मुलगा ढोरडॉक्टर आहे' म्हणून नाक मुरडणाऱ्या एका मंडळींना मी हे सांगणार होतो, पण आता ती हयात नाहीत.

तर मनी. बाईंनी शपथेवर सांगितले, की रात्रीपासून तिच्या पोटात काही नाही. झायलाझीनने मांजराला ओकारी होते. टोचल्यावर पाचव्या मिनिटाला मनीने बोंबलाचे दोन तुकडे टेबलावर काढून दाखवले. "अगबाई, सासूबाईंनी घातले वाटतं!" ओकारी शुद्धीत झाली म्हणून निभावले, भूल चढल्यावर झाली असती तर तेच तुकडे फुप्फुसात गेले असते. त्या दिवशी मी ऑपरेशन केले नाही. दोन दिवसांनी केले.

केटामाइनमध्ये डोळे मिटत नाहीत. मनी टक्क डोळ्यांनी छताकडे बघत पडलेली पाहून बाई घाबरल्या, तेव्हा डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मलम घालता घालता मी त्यांना ते समजावून सांगितले. तासाभराने मनीने जीभ बाहेर काढून नाक चाटले, उठली, चार पावले झोकांड्या देत गेली आणि भिंतीवर आपटली.

"घरी अंधाऱ्या खोलीत ठेवा," मी म्हटले. "कपाटावर चढू देऊ नका. आणि सासूबाईंना सांगा, संध्याकाळपर्यंत काही घालायचं नाही."