विश्लेषण : तिसऱ्या ऑलिम्पिकच्या उंबरठ्यावर लॉस एंजेलिसचे ‘कोलिझियम’… पी. टी. उषा धावल्या ते मैदान आज कोणाचे?

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकची आपल्याकडे चर्चा होते ती मुख्यतः क्रिकेटमुळे. १९०० नंतर प्रथमच क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परतत आहे आणि त्याचे सामने शहरापासून काही अंतरावरील पोमोना येथे होणार आहेत. मात्र याच शहरात एक मैदान असे आहे, जिथे भारताने ९० वर्षांपूर्वी विक्रमी विजय मिळवला आणि ४० वर्षांपूर्वी सेकंदाच्या शंभराव्या भागाने पदक गमावले. लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम हे त्याचे नाव. १९३२ आणि १९८४ नंतर २०२८ मध्येही तेथे स्पर्धा होतील, तेव्हा तीन उन्हाळी ऑलिम्पिक पाहणारे ते जगातील पहिले स्टेडियम ठरेल. शंभरी ओलांडलेले हे मैदान आणि त्याभोवतालचे ‘एक्स्पोझिशन पार्क’ पाहायला जाणाऱ्याला मात्र एक प्रश्न पडल्यावाचून राहत नाही : ही वास्तू नेमकी कोणाची?

मैदान कशासाठी बांधले गेले?

नावातील ‘मेमोरियल’ हा शब्द शोभेचा नाही. पहिल्या महायुद्धात लढलेल्या लॉस एंजेलिसच्या सैनिकांचे स्मारक म्हणून हे स्टेडियम उभारण्यात आले. १९६८ मध्ये ते त्या युद्धातील सर्व अमेरिकी सैनिकांना नव्याने अर्पण करण्यात आले. डिसेंबर १९२१ मध्ये काम सुरू झाले आणि मे १९२३ मध्ये पूर्ण झाले. खर्च आला सुमारे साडेनऊ लाख डॉलर. जॉन पार्किन्सन आणि त्यांचे पुत्र डोनाल्ड हे त्याचे वास्तुरचनाकार. जमीन खोल खणून तयार केलेल्या वाडग्यासारखा त्याचा आकार असल्यामुळे बाहेरून ते जेवढे दिसते, त्यापेक्षा आत शिरल्यावर बरेच मोठे वाटते.

पूर्वेच्या टोकाला कमानींची रांग आहे. मध्ये एक उंच कमान, तिच्या दोन्ही बाजूंना मिळून १४ लहान कमानी आणि मधल्या कमानीच्या माथ्यावर ऑलिम्पिक ज्योतीचे पात्र. हे पात्र १९३२ च्या स्पर्धेच्या वेळी बसवण्यात आले. सुरुवातीला सुमारे ७५ हजार प्रेक्षकांसाठी बांधलेले स्टेडियम त्या स्पर्धेसाठी वाढवून एक लाखाच्या पुढे नेण्यात आले.

खेळापलीकडचा इतिहासही मोठा आहे. जॉन एफ. केनेडी यांनी १९६० मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी येथे स्वीकारली. अमेरिकी फुटबॉलचा पहिला ‘सुपर बोल’ १९६७ मध्ये येथेच झाला. तुरुंगातून सुटल्यावर १९९० मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर आलेल्या नेल्सन मंडेला यांचे स्वागतही याच मैदानाने केले.

भारताशी नाते काय?

१९३२ चे ऑलिम्पिक जागतिक महामंदीच्या काळात झाले. लांबच्या प्रवासाचा खर्च अनेक देशांना परवडला नाही. हॉकीत तर भारत, जपान आणि अमेरिका असे तीनच संघ उतरले. हे सामने कोलिझियममध्येच झाले. भारताने जपानला ११-१ असे हरवले आणि ११ ऑगस्ट रोजी अमेरिकेवर २४-१ असा विजय मिळवला. त्यातील १० गोल रूप सिंग यांचे आणि ८ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे होते. भारताचे हॉकीतील हे सलग दुसरे सुवर्णपदक. यजमान अमेरिका दोन्ही सामने हरूनही कांस्यपदकाची मानकरी ठरली, कारण चौथा संघच नव्हता.

५२ वर्षांनी, ८ ऑगस्ट १९८४ रोजी, त्याच मैदानात महिलांच्या ४०० मीटर अडथळा शर्यतीची अंतिम फेरी झाली. ही शर्यत ऑलिम्पिकमध्ये प्रथमच घेतली जात होती. मोरोक्कोची नवाल अल मुतवक्किल ५४.६१ सेकंदांत पहिली आली. तिसऱ्या क्रमांकासाठी रुमानियाची क्रिस्तियाना कोजोकारू आणि भारताची पी. टी. उषा यांच्यात निकाल लागला तो छायाचित्रावरून. कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२. भारत त्या ऑलिम्पिकमधून एकही पदक न घेता परतला. तरीही पिढ्यान्‌पिढ्या आठवणीत राहिली ती ही चौथ्या क्रमांकाची शर्यत. ४ बाय ४०० मीटर रिलेत भारतीय महिलांनी अंतिम फेरी गाठून सातवे स्थान मिळवले, तेही याच धावपट्टीवर.

ती धावपट्टी आज कुठे आहे?

कुठेही नाही. उषाची अंतिम रेषा शोधत आत गेलेल्या भारतीय पर्यटकाला दिसते ते अमेरिकी फुटबॉलचे हिरवेगार मैदान आणि त्याला अगदी खेटून सुरू होणाऱ्या खुर्च्यांच्या रांगा. १९९३ मध्ये मैदानाची पातळी सुमारे ११ फुटांनी खाली नेण्यात आली, धावपट्टी काढून टाकण्यात आली आणि त्या जागी आसनांच्या १४ नव्या रांगा बसवल्या गेल्या. फुटबॉलच्या प्रेक्षकांना खेळाडू जवळून दिसावेत, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ज्या पातळीवर १९३२ ची हॉकी आणि १९८४ ची ती शर्यत झाली, ती पातळी आजच्या गवताच्या वर, हवेत कुठे तरी आहे.

पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, नॉर्थरिज भूकंपाने स्टेडियमचे मोठे नुकसान केले आणि सरकारी पैशातून डागडुजी करावी लागली. राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा या स्टेडियमला १९८४ मध्येच, ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मिळाला होता. पण हा दर्जा मिळालेली वास्तू गोठवून ठेवलेली नाही, हे या बदलांवरून लक्षात येते. कमानी आणि बाह्य रूप जपले गेले, आतला भाग मात्र ज्या खेळाला गर्दी होते त्याच्या सोयीने बदलत गेला.

मालकी कोणाची, ताबा कोणाकडे?

स्टेडियम सार्वजनिक मालकीचे आहे. कॅलिफोर्निया राज्य, लॉस एंजेलिस काउंटी आणि लॉस एंजेलिस शहर या तिघांच्या संयुक्त आयोगाने ते अनेक दशके चालवले. मात्र या आयोगाची आर्थिक स्थिती खालावली. त्यातच गैरव्यवहाराचे आरोप होऊन खटले दाखल झाले. अखेर २०१३ मध्ये रस्त्यापलीकडेच असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, म्हणजे ‘यूएससी’ या खासगी विद्यापीठाशी ९८ वर्षांचा भाडेकरार झाला. या विद्यापीठाचा फुटबॉल संघ १९२३ पासून येथे खेळत आला आहे.

विद्यापीठाने २०१८-१९ मध्ये सुमारे ३१ कोटी ५० लाख डॉलर खर्चून नूतनीकरण केले. जुन्या खुर्च्या बदलल्या, दक्षिणेकडे महागड्या कक्षांचा उंच मनोरा उभा राहिला आणि आसनसंख्या सुमारे ९३ हजारांवरून ७७ हजार ५०० पर्यंत खाली आली. सार्वजनिक यंत्रणेला जे जमले नाही ते खासगी पैशाने केले, असा एक पक्ष. सार्वजनिक स्मारकाचा कारभार जवळपास शतकभरासाठी एका खासगी संस्थेच्या हाती गेला, असा दुसरा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

नावावरून वाद का झाला?

नूतनीकरणाच्या खर्चासाठी विद्यापीठाने युनायटेड एअरलाइन्स या कंपनीशी ६ कोटी ९० लाख डॉलरचा नामकरण करार केला. त्यानुसार स्टेडियमच्या नावातच कंपनीचे नाव येणार होते. माजी सैनिकांच्या संघटनांनी याला विरोध केला. युद्धात लढलेल्यांच्या स्मारकावर विमान कंपनीची पाटी कशी लावता, हा त्यांचा सवाल होता. २०१९ मध्ये तोडगा निघाला. ‘लॉस एंजेलिस मेमोरियल कोलिझियम’ हे स्टेडियमचे नाव कायम राहिले आणि कंपनीचे नाव फक्त आतील खेळाच्या पटांगणाला देण्यात आले. ९८ वर्षांचा करार हातात असलेल्यालाही स्मारकाचे नाव सहज बदलता येत नाही, हे या वादाने दाखवून दिले.

भोवतालच्या उद्यानात काय आहे?

सुमारे १६० एकरांचे एक्स्पोझिशन पार्क दादरच्या शिवाजी पार्कच्या पाचपटीहून मोठे आहे. १८७२ मध्ये शेतकी प्रदर्शनांसाठी ही जागा राखली गेली. पुढे प्रदर्शने मागे पडली आणि घोड्यांच्या शर्यती, दारूचे गुत्ते व जुगाराचे अड्डे यांनी जागा व्यापली. चर्चमध्ये रविवारी मुलांचा वर्ग घेणारे वकील विल्यम बोवेन यांना आपले विद्यार्थी तिकडे वळताना दिसले. त्यांनी ही जमीन लोकांची आहे, हा मुद्दा लावून धरला आणि न्यायालयीन लढाई लढवली. १९१३ मध्ये ती एक्स्पोझिशन पार्क म्हणून नव्याने खुली झाली. नैसर्गिक इतिहास संग्रहालयही त्याच वर्षीचे.

आज येथे कॅलिफोर्निया सायन्स सेंटर आणि कॅलिफोर्निया आफ्रिकन अमेरिकन म्युझियम आहे. दोन्हीकडे मुख्य प्रवेश विनामूल्य आहे. २५ मोहिमा केलेले ‘एंडेव्हर’ हे अंतराळयान २०१२ मध्ये विमानतळापासून १२ मैल शहराच्या रस्त्यांवरून सायन्स सेंटरमध्ये आणले गेले. त्याचे पंख अडू नयेत म्हणून सुमारे ४०० झाडे तोडावी लागली. त्याबदल्यात अधिक झाडे लावण्याचे आश्वासन द्यावे लागले. जानेवारी २०२४ मध्ये हे यान उड्डाणाच्या स्थितीत, म्हणजे इंधन टाकी आणि रॉकेटसह उभे करण्यात आले.

उद्यान की वाहनतळ?

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा वाद नवा वाटणार नाही. १९२८ मध्ये खुली झालेली सात एकरांची गुलाबबाग ही या उद्यानाची शान. १९८० च्या दशकात ती खणून खाली वाहनतळ करण्याचा प्रस्ताव आला. नागरिकांनी विरोध केला आणि १९९१ मध्ये बागेची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत नोंद झाली. बाग वाचली, पण उद्यानाचा बराच भाग वर्षानुवर्षे डांबरी वाहनतळांनीच व्यापला. सामन्याच्या दिवशी हजारो गाड्या आणि एरवी रिकामे डांबर, असे ते चित्र.

हे खटकते, कारण भोवतालचा दक्षिण लॉस एंजेलिसचा भाग दाट वस्तीचा आणि मोकळ्या जागांची चणचण असलेला आहे. तेथील कुटुंबांसाठी हे उद्यान म्हणजे पर्यटनस्थळ नसून अंगण आहे. चित्रपट दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांच्या संग्रहालयासाठी उद्यानाच्या पश्चिम कडेची वाहनतळाची जागा वापरली गेली आणि सोबत नवी हिरवळही तयार करण्यात आली. म्हणजे काही ठिकाणी तरी चाक उलटे फिरले आहे.

२०२८ मध्ये काय होणार?

स्पर्धा १४ ते ३० जुलै या काळात आहे. नवे कायमस्वरूपी स्टेडियम बांधायचे नाही, असे आयोजकांचे धोरण आहे. उद्घाटन सोहळा कोलिझियम आणि इंगलवूडचे सोफाय स्टेडियम या दोन ठिकाणी मिळून होईल. अ‍ॅथलेटिक्स कोलिझियममध्ये, आणि नेहमीप्रमाणे दुसऱ्या आठवड्यात नव्हे तर पहिल्याच आठवड्यात. अडचण अर्थातच धावपट्टीची. त्यासाठी आजच्या गवताच्या वर उंच मंच उभारून त्यावर तात्पुरती धावपट्टी टाकण्याची योजना आहे. १९९३ मध्ये खाली गेलेले मैदान काही आठवड्यांपुरते पुन्हा वर येईल आणि स्पर्धा संपली की मंच निघून जाईल.

भेट द्यायची तर?

मेट्रोच्या ‘ई लाइन’वरील एक्स्पो पार्क-यूएससी स्थानक उद्यानाच्या दारातच आहे. तेथून गुलाबबाग ओलांडून गेले की संग्रहालये लागतात आणि पुढे स्टेडियमच्या कमानी. गुलाबबाग दरवर्षी छाटणीसाठी १ जानेवारी ते १५ मार्च बंद असते. शरद ऋतूत शनिवारी विद्यापीठाचे सामने असतात. त्या दिवशी खेळाचे वातावरण अनुभवता येते, पण उद्यानात निवांतपणा मिळत नाही. स्टेडियम आतून पाहण्यासाठी सामना नसलेल्या दिवशी मार्गदर्शकासह तिकीट काढून फेरी घ्यावी लागते.

तिकीट न काढताही कमानींसमोरचे १९८४ चे दोन ब्राँझ पुतळे पाहता येतात. शिल्पकार रॉबर्ट ग्रॅहम यांनी घडवलेल्या या स्त्री-पुरुष खेळाडूंना मस्तक नाही. त्यामुळे ते कोणा एका देशाचे किंवा विजेत्याचे वाटत नाहीत. शंभराव्या सेकंदाने हरलेल्या खेळाडूचेही ते असू शकतात. भारतीय पर्यटकाने उषाची आठवण काढायची तर त्यासाठी आतल्या गवतापेक्षा हीच जागा अधिक योग्य.